विमानाचा कर नेमका कोणाच्या खिशातून?

फोंड्याजवळच्या एका शाळेत शिकवणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या पर्यावरण मंडळाला गोवा सरकारला निवेदन द्यायचंय: दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांवर वारंवार उडणाऱ्यांना चढता कर लावा. वर्षातली पहिली फेरी माफ, दुसरीला थोडा, दहावीला सणसणीत. पण घरातच विरोध झाला. भाऊ क्रूझ बोटीवर, बहीण शारजाला. वडील म्हणतात, हा कर आपल्याच पोरांच्या बोकांडी बसेल. कळंगुटला हॉटेल असलेले मामा म्हणतात, पर्यटन बुडेल. ताई विचारतात, बरोबर कोण?

ताई, कल्पना चांगली आहे, पण तुम्ही मांडलीय तशीच लागू केली तर वडील खरे ठरतील. मामांची भीती बरीचशी अनाठायी आहे. आणि निवेदनावरचा पत्ता चुकलाय, त्याकडे शेवटी येतो. मी पणजीत ट्रॅव्हल एजन्सी, हॉटेलं आणि बोटींवर माणसं पाठवणारे एजंट यांची करांची कामं करतो. हवामानशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. कर लागतो कोणाला आणि तो सोसतो कोण, हे मात्र रोजच्या कागदांत दिसतं.

जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे. उंचावर विमानामागे राहणारे ढगांचे पांढरे पट्टे आणि नायट्रोजनची ऑक्साइडं धरली तर तापमानवाढीतला वाटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. ऐकायला थोडकं वाटतं. पण २०१८ सालाच्या एका अभ्यासातून निघालं की त्या वर्षी जगातल्या जेमतेम ११ टक्के लोकांनी विमानात पाय ठेवला, आणि प्रवासी विमानांच्या धुरातला निम्मा वाटा एकट्या एक टक्का लोकांचा होता. ब्रिटनच्या सरकारी पाहणीतही तेच चित्र होतं, १५ टक्के लोकांच्या नावावर परदेशच्या ७० टक्के फेऱ्या. आपल्याकडे २०२४ मध्ये देशांतर्गत विमानांनी सुमारे १६ कोटी प्रवासी नेले. हा आकडा फेऱ्यांचा आहे, माणसांचा नव्हे. तोच माणूस वर्षात चाळीसदा चढला तर तो चाळीस प्रवासी म्हणून मोजला जातो. कर लावायचाच तर त्या चाळीसवाल्याला लावा, ही तुमच्या कल्पनेतली गोम, आणि ती अगदी रास्त आहे.

आता आपल्याकडे आज काय होतं ते बघा. साध्या वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे. बिझनेस आणि त्यावरच्या वर्गांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के, आधी १२ होता. वाचणाऱ्याला वाटतं, वा, श्रीमंताला तिपटीहून जास्त. पण कंपनीच्या कामासाठी काढलेल्या तिकिटावर कंपनीचा जीएसटी क्रमांक टाकला की तो कर कंपनीला इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो, म्हणजे कंपनीने भरायच्या दुसऱ्या करातून तो वळता होतो. साठ हजारांचं बिझनेस तिकीट, त्यावर १०,८०० रुपये कर, आणि महिनाअखेरीस कंपनीच्या वहीत त्यातलं बहुधा काहीच उरत नाही. उलट तुमच्यासारखं कुटुंब मे महिन्यात दिल्लीला निघालं, चौघांचं भाडं चोवीस हजार झालं, तर त्यावरचे १,२०० रुपये तुम्हाला कोणी परत देत नाही. सुट्टीच्या प्रवासाला क्रेडिट नाही, कामाच्या प्रवासाला आहे, असाच कायदा आहे. व्यापारी कराच्या तर्कात हे चूकही नाही. पण परिणाम असा की वर्षातून एकदा उडणारा कर सोसतो आणि दर आठवड्याला उडणाऱ्याचा कर विरघळून जातो. वर विमान कंपनी त्या दुसऱ्याला प्रत्येक फेरीमागे गुण देते, तेही त्याच्या स्वतःच्या खात्यात. पैसे कंपनीचे, गुण माणसाचे, आणि त्या गुणांवर तो पुढच्या सुट्टीला फुकट उडणार.

म्हणून माझ्या लेखी निवेदनातलं पहिलं वाक्य दराबद्दल नसावं. ते असं असावं: या कराचं क्रेडिट कोणालाही मिळू नये. याला आपल्याकडे आधार आहे. नोव्हेंबर २०१५ पासून जीएसटी येईपर्यंत सेवाकरावर अर्धा टक्का स्वच्छ भारत उपकर होता, त्याचं क्रेडिट मिळत नसे. कंपन्यांनी तो निमूट सोसला. शिवाय तुमचा हा चढता उपकर कंपनीच्या आयकरात खर्च म्हणून धरायचा नाही असंही ठरवता येतं. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) सक्तीच्या खर्चाला २०१४ पासून तसंच नामंजूर केलेलं आहे. ही दोन कलमं नसतील तर दहाव्या फेरीला कितीही सणसणीत दर लावा, तो फक्त स्वखर्चाने उडणाऱ्यालाच सणसणीत लागेल.

विमानप्रवासावर खास कर ही आपल्याला नवी गोष्टही नाही. माझ्या वयाच्या एजंटांना आठवत असेल, १९७९ पासून परदेश प्रवास कर होता, शेवटी शेवटी पाचशे रुपये, शेजारच्या देशांसाठी दीडशे. १९८९ मध्ये देशांतर्गत प्रवास कर आला, तो भाड्याच्या १५ टक्क्यांपर्यंत गेला. जानेवारी २००४ मध्ये दोन्ही रद्द झाले. दोघांतही एकच खोड होती: पहिल्यांदा उडणारा आणि शंभराव्यांदा उडणारा यांना एकच पट्टी. स्वीडनने २०१८ मध्ये दर तिकिटामागे कर आणला तोही असाच सरसकट, आणि १ जुलै २०२५ ला तो काढून टाकला. सरसकट कराला विरोधक सगळीकडे मिळतात, पाठीराखे कुठेच नाहीत.

चढत्या कराचं तसं नाही. २०२० मध्ये ब्रिटनच्या संसदेने हवामानाच्या प्रश्नावर सामान्य नागरिकांची सभा भरवली होती. जितक्या जास्त वेळा आणि जितक्या लांब उडाल तितका जास्त कर, या सूचनेला तिथे ८० टक्के लोकांनी होकार दिला. त्यातले 'जितक्या लांब' हे शब्द तुमच्या मसुद्यात नाहीत, आणि माझी खरी हरकत तिथेच आहे.

फेऱ्या मोजण्यात फसगत आहे. एक किलो विमान-इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गोवा ते मुंबई हे हवाई अंतर चारशे-सव्वाचारशे किलोमीटर. भरलेल्या विमानात माणशी ढोबळमानाने पन्नास किलो येतं. लंडनला साध्या वर्गाने एका दिशेला अर्धा टन. म्हणजे लंडनची एक उडी मुंबईच्या दहा उड्यांइतकी. बिझनेस वर्गाची खुर्ची जागा जास्त खाते, तिचा वाटा साध्या खुर्चीच्या सुमारे तिप्पट धरतात. फेऱ्या मोजल्या तर म्हापशाचा जो दुकानदार आईच्या उपचारांसाठी टाटा रुग्णालयात जवळपास दर महिन्याला मुंबईला जातो तो वारंवार उडणारा ठरतो, आणि वर्षातून दोनदा बिझनेस वर्गाने न्यूयॉर्कला जाणारा सभ्य गृहस्थ मोकळा सुटतो.

दुसरी फसगत खास आपली आहे. गोव्यातून परदेशची थेट विमानं मोजकी. इथला माणूस मुंबई, दिल्ली, दोहा असा बदलत बदलत जातो. विमानं मोजली तर त्याचा एक प्रवास जाऊन-येऊन चार किंवा सहा भरतो, आणि मुंबईकराचा त्याच गावचा प्रवास दोन. लहान विमानतळाजवळ जन्मल्याबद्दल दंड, असं ते होईल. किलोमीटर मोजले की हा घोळ बराचसा सुटतो.

पण किलोमीटर मोजले की तुमचा भाऊ अडचणीत येतो, हेही कबूल करायला हवं. मायामीला बोट पकडायला जाणारा तारवटी जाऊन-येऊन तीस हजार किलोमीटरच्या घरात उडतो. निव्वळ अंतर बघितलं तर सासष्टीतला साधा खलाशी दिल्लीच्या सतत उडणाऱ्या वकिलाच्या पंगतीला बसतो. म्हणून दोन्ही मोजमापं एकत्र हवीत: वर्षातली पहिली जाऊन-येऊन फेरी, साध्या वर्गाने, कुठेही आणि कितीही लांब, माफ. त्यापुढे किलोमीटर. बोटीवरचं कंत्राट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं असतं, त्यामुळे बहुतेक तारवट्यांचं वर्ष त्या माफ फेरीतच निघून जातं. उरलंच तर ते मालकाचं. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार खलाशाला घरी पोचवण्याचा खर्च जहाजमालकाने सोसायचा असतो, आणि भारताने तो करार २०१५ मध्ये स्वीकारला आहे. एवढं मात्र निवेदनात लिहाच, की हा उपकर खलाशाच्या पगारातून किंवा एजंटाच्या फीच्या नावाखाली वसूल करता येणार नाही. नाहीतर तो तसाच वसूल होईल. या धंद्यात कागदावर नसलेले खर्च कोणाच्या अंगावर पडतात ते तुमच्या भावाला विचारा.

आकड्यांत बघू. दर माझे, समजण्यापुरते. माफ फेरीनंतर पहिल्या दहा हजार किलोमीटरला पंचवीस पैसे, पुढच्या वीस हजारांना रुपया, त्यापुढे दोन रुपये, बिझनेस वर्गाचे किलोमीटर तिप्पट धरायचे. शारजाची बहीण वर्षातून एकदा येते, शून्य. घरी काही बरंवाईट झालं आणि दुसऱ्यांदा यावं लागलं, तर चार हजार किलोमीटरचे हजार रुपये. म्हापशाचा दुकानदार मुंबईच्या दहा वाऱ्या करून साधारण एकोणीसशे. आणि आसगाव-शिवोलीत जुनं घर घेऊन दर पंधरवड्याला दिल्लीहून येणारा? चोवीस वाऱ्या, बहात्तर हजार किलोमीटर. तीन हजार माफ, अडीच हजार रुपये पहिल्या टप्प्याचे, वीस हजार दुसऱ्याचे, अठ्ठ्याहत्तर हजार तिसऱ्याचे. एक लाख पाचशे. शेवटच्या प्रत्येक वारीला सहा हजार जास्त. बार्देशमध्ये घरांचे भाव कोणी कुठे नेऊन ठेवले हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या माणसाबद्दल फारसं वाईट वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे.

एवढ्याने तो उडायचा थांबेल का? पदरचे पैसे घालून वीकएंडला येणारा नक्की विचार करेल. चोवीसच्या सोळा वाऱ्या होतील. कंपनीच्या खर्चाने उडणारा कमी हलेल, त्याच्या बाबतीत धूर कमी होण्यापेक्षा तिजोरीत पैसे जास्त जमतील. २०२२ मध्ये स्वच्छ वाहतुकीवर काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेने साऱ्या जगासाठी असा हिशेब मांडला होता: दुसऱ्या उड्डाणाला नऊ डॉलर, वाढत वाढत विसाव्याला १७७. त्यातून वर्षाला १२१ अब्ज डॉलर उभे राहतात आणि त्यातले बहुतेक वर्षात सहाहून जास्त वेळा उडणाऱ्यांकडून येतात. पैसा जमणं हा दुय्यम फायदा समजू नका. पर्यायी इंधन साध्या इंधनाच्या कितीतरी पट महाग पडतं, आणि परदेशी उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक टक्का, २०३० पर्यंत पाच टक्के मिसळायचं आपल्या सरकारने ठरवलंय. तो खर्च तिकिटांवर सरसकट पडला तर पुन्हा तुमची बहीणच भरणार.

आणि रेल्वे. मडगाव-मुंबई वंदे भारत जून २०२३ पासून आहे, पावणेआठ-आठ तास घेते. पावसाळी वेळापत्रकात त्याहून जास्त. फ्रान्सने २०२३ मध्ये जवळची विमानं बंद केली ती जिथे आगगाडी अडीच तासांच्या आत पोचवते तिथेच. आपण त्याच्या जवळपासही नाही. कोकण रेल्वे बहुतांशी एकेरी मार्गाची आहे आणि चवथीला कोकणकन्येचं तिकीट मिळवणं म्हणजे काय ते सांगायला नको. (मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी बोलत नाही, रक्तदाब आहे.) उपकराचा पैसा दुपदरीकरणाला बांधून घ्या, तर लोकांना त्यात काही मिळाल्यासारखं वाटेल.

मामांचं काय? मामांकडे येणारा पाहुणा वर्षातून एकदा येतो. पहिली फेरी माफ असलेल्या करात तो बसतच नाही. बसतो तो सरसकट तिकीट-करात, आणि इंग्लंडहून येणारा पाहुणा तो आधीच भरतोय: ब्रिटनचा प्रवासी कर १९९४ पासून आहे, आणि भारतापर्यंतच्या अंतराला साध्या वर्गात २०२५-२६ मध्ये माणशी सुमारे ९० पौंड पडत. मामांनी विरोध करायचा तर त्याला करावा. गोव्यात २०२४ मध्ये एक कोटीहून जास्त पर्यटक आले, त्यात परदेशी पाच लाखांहून कमी. २०१९ मध्ये परदेशी नऊ लाखांच्या वर होते. परदेशी पाहुणे निम्म्यावर आले ते असल्या कुठल्याही कराविना. त्याची कारणं मामांना माझ्याहून चांगली ठाऊक आहेत.

अंमलबजावणीची अडचण मात्र खरी आहे. परदेशी प्रवासात पारपत्राचा क्रमांक असतो, आणि २०२२ च्या नियमांनी विमान कंपन्यांना प्रवाशांची माहिती सीमाशुल्क खात्याला देणं बंधनकारकही केलंय. देशांतर्गत तिकिटावर फक्त नाव. एकट्या सासष्टीत एकाच नावाचे किती फर्नांडिस आणि फोंड्यात किती नाईक निघतील? नावावरून हिशेब ठेवणं अशक्य. पण प्रत्येक काउंटरवर कर बदलत बसायची गरजही नाही. परदेशी सहलींच्या टीसीएसमध्ये (सहल विकतानाच एजंट गोळा करतो तो आयकर) एका पॅनवरचा वर्षभराचा खर्च एकत्र धरायची पद्धत २०२३ मध्ये रुळली, एजंट ग्राहकाकडून तसं हमीपत्र घेत. परदेश प्रवासावर दोन लाखांहून जास्त खर्च केला तर आयकर विवरणपत्र भरावंच लागतं, हा नियम २०१९ पासूनचा. तेव्हा विमान कंपन्यांनी ठरावीक मर्यादेवरच्या प्रवाशांचे किलोमीटर पॅनवर कळवावेत, ते आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात यावेत आणि उपकर विवरणपत्राबरोबर भरला जावा. फक्त किलोमीटर आणि वर्ग. कोण कुठे गेला हे सरकारी वहीत साठवायचं कारण नाही, आणि तसा प्रस्ताव आला तर मीच विरोध करेन. सुरुवात मर्यादित ठेवली तरी चालेल: परदेशी उड्डाणं आणि बिझनेस वर्ग. २०२५ मध्ये सेव्हिलच्या परिषदेत फ्रान्स, स्पेन, केनिया, बार्बाडोस आदी देशांनी महागड्या वर्गांवर आणि खाजगी विमानांवर कर लावायचा गट केला तोही याच विचाराने, कारण तिथे माणूस ओळखत बसावं लागत नाही, खुर्ची ओळखली की पुरे.

राहिला पत्ता. गोवा सरकार हा कर लावूच शकत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रस्त्याने आणि अंतर्गत जलमार्गाने जाणाऱ्या प्रवाशांवरचा कर राज्यांकडे आहे, राज्यसूचीतली ५६ वी नोंद. रेल्वे, समुद्र आणि हवाई मार्गाच्या प्रवाशांवरचा सीमाकर संघसूचीत, ८९ वी नोंद. राज्याच्या हातात आहे तो विमान-इंधनावरचा व्हॅट, कारण इंधन अजून जीएसटीबाहेर आहे. पण एकट्या गोव्याने तो वाढवला तर विमानं दुसऱ्या, स्वस्त राज्यात टाकी भरून येतील, आणि जादा वजन वाहताना जादा इंधन जाळतील. शिवाय एका बाजूला सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ, दुसऱ्या बाजूला बेळगावचा आहेच.

तेव्हा निवेदनं दोन करा. चढत्या उपकराचं केंद्रीय अर्थमंत्रालयाला, लोकसभेतल्या आपल्या दोन्ही खासदारांमार्फत. त्यात माफ फेरी, किलोमीटर, वर्गाचा गुणक आणि खलाशांचं कलम. दुसरं मुख्यमंत्र्यांना, छोटं: जीएसटी परिषदेत गोव्याला आवाज आहे, तिथे राज्याने बिझनेस आणि त्यावरच्या वर्गांच्या तिकिटांचं इनपुट क्रेडिट बंद करण्याचा विषय मांडावा. याला नवा कर लागत नाही, वही लागत नाही, पॅन लागत नाही. क्रेडिट नाकारायच्या खर्चांची यादी जीएसटी कायद्यात आधीपासून आहे, तिच्यात एक ओळ वाढवायची. मसुदा तयार झाला की पाठवा, कलमांचे क्रमांक मी घालून देतो.